पूर ओसरल्यावर गाव साफ करायला जायचंय: कधी, कसं आणि कुणाच्या हाताखाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नागपूरला नोकरी करता. मित्राच्या मामाचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. पाणी उतरून दोन दिवस झाले. येत्या रविवारी पंचवीस जणांनी जाऊन गाव साफ करून द्यायचं ठरलंय, आणि जुन्या कपड्यांनी भरलेली एक छोटी गाडीही तयार आहे. सोबत आणखी काय न्यावं, एवढंच तुम्ही विचारलंय.

काय न्यायचं ते सांगतो, पण शेवटी. त्याआधी कधी जायचं आणि कुणाच्या सांगण्यावरून हात लावायचा, हे ठरू द्या. मी याच भागातल्या एका कॉलेजात शिकवत होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. पुरानंतर मुलामुलींना घेऊन किती तरी गावांत गेलो. आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या सामान कमी पडल्यामुळे फारशा झाल्या नाहीत. लवकर गेल्यामुळे आणि न विचारता उचलल्यामुळे झाल्या.

आधी तुमच्या मित्राच्या मामांच्या गावात पूर कोणत्या जातीचा आला ते पाहा. २०२० च्या ऑगस्टअखेर आमच्याकडे आलेला पूर वरून आलेला होता. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस, तिथल्या संजय सरोवर धरणातून सुटलेलं पाणी, मग गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेकाठची गावं पाण्यात गेली. असं पाणी चढतं, साचून राहतं आणि सावकाश उतरतं. मागे ठेवतं तो मऊ, जड, घरभर सारखा पसरलेला गाळ. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात झालं ते निराळं. एका रात्रीच्या पावसाने नाले फुगले, महागाव तालुक्यात माणसं अडकली आणि वायुदलाची मदत मागवावी लागली. नाल्याचं पाणी काही तासांत येतं नि जातं, पण दगड, झाडं, पत्रे, कुंपणाच्या तारा घरात आणून टाकतं. पहिल्या पुराला पावडी आणि घमेली लागतात. दुसऱ्याला आधी टिकास, सब्बल, दोर आणि जाड हातमोजे. आणि माणसं गेलेली असतील तर गोष्टच वेगळी. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड बुडवलं तेव्हा २०४ जीव गेले. तशा गावात पहिले दिवस प्रशासनाचे आणि नातेवाइकांचे असतात, तिथे आपण वाटेतही उभं राहू नये.

तुमच्या वर्णनावरून हा साचून उतरलेला पूर दिसतो, तसं धरून पुढचं सांगतो.

या रविवारी पंचवीस जण जाऊ नका. दोघं-तिघं जा, तेही मामांना विचारून. पहिलं कारण पंचनामा. घरात किती पाणी होतं, भिंत किती पडली, कोणतं सामान गेलं, हे सरकारी माणसाने येऊन पाहावं लागतं, तेव्हा कुठे मदतीची फाइल हलते. पक्कं-कच्चं घर अंशतः पडलं असेल तर निदान १५ टक्के नुकसान दिसावं लागतं. पिकाला ३३ टक्क्यांची अट आहे. शेतात गाळ साचला असेल तर त्याचा थर ३ इंचांहून जास्त हवा. आता विचार करा, तुम्ही पंचवीस जणांनी दिवसभर राबून घर चकाचक केलं, भिंतीवरची पाण्याची रेघ धुऊन टाकली, भिजलेलं धान उकिरड्यावर नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तलाठी आले. त्यांना काय दिसणार? एका गावात आमच्याकडून नेमकं हेच झालं. त्या घरची बाई आम्हाला काही बोलली नाही, उलट चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

म्हणून पहिल्या खेपेला जे दोघं-तिघं जातील त्यांनी पावडं घेऊ नये, फोन घ्यावा. प्रत्येक घरात पाण्याच्या रेघेजवळ घरच्या माणसाला उभं करून फोटो, भिंतीचे फोटो आतून आणि बाहेरून, शेतातल्या गाळात पट्टी खोचून फोटो. मेलेलं जनावर असेल तर कानातल्या बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो, आणि पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन पाहेपर्यंत ते पुरू नये. हे फोटो घरमालकाच्या फोनमध्ये राहू द्या. तुमच्या फेसबुकवर त्यांची गरज नाही. डॉक्टर येऊन गेले की मग विहीर-बोरिंगपासून दूर, चांगला पुरुषभर खड्डा, वर चुना, हे काम गावकऱ्यांबरोबर करता येतं.

दुसरं कारण मातीची भिंत. नागपूरकरांना हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इकडची जुनी घरं मातीच्या भिंतींची, वर कवेलू म्हणजे कौलं. पाण्यात असताना भिंत उभी असते. पाणी उतरतं, ऊन पडतं, आणि मग दोन-चार दिवसांनी ती बसते. भिंतीचं खालचं हात-दीड हात अंग भिजून लोण्यासारखं झालेलं असतं आणि वर छपराचा सगळा भार. गाळ बाहेर ओढताना आपण नेमका भिंतीच्या पायथ्याचा आधार काढून घेतो. त्यामुळे आत जाण्याआधी भिंतीला बाहेरून चारी बाजूंनी फेरी मारा. कुठे पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, कवेलूची ओळ वाकली आहे का? यातलं एकही दिसलं तर त्या घरात पाऊल टाकायचं नाही, घरमालकाने कितीही आग्रह केला तरी. गावात जुना गवंडी किंवा सुतार असतोच. त्याला सोबत घेऊन फिरा आणि तो म्हणेल तिथे बल्ल्यांचा टेकू लावा. आमच्या नियमात एक गोष्ट पक्की होती: मातीच्या घरात एका वेळी दोनच जण, दोघांपैकी एक दाराच्या तोंडाशी, आणि छपरावर कुणी चढायचं नाही.

गाळ काढायलाही रीत आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आवळून दगड होते. अगदी पातळ असताना पावड्यावर राहत नाही, पूर्ण सुकल्यावर टिकासीशिवाय निघत नाही. मधले दोन-तीन दिवस, बोट रुतवलं तर खूण राहते पण हाताला लागत नाही, तेव्हा तो वड्यांसारखा निघतो. त्या दिवसांत पोहोचलात तर पंचवीस जणांचं काम दहा जण करतात. दारापासून आत जा, म्हणजे निघायची वाट कायम मोकळी राहते. निघालेला गाळ भिंतीला लावून टाकू नका, नालीत तर मुळीच नाही. पुढच्याच पावसात तो परत आत येतो. कुठे टाकायचा हे सरपंचांना आणि शेजारच्या घराला विचारून ठरवा, कारण पुरानंतर गावात सर्वात जास्त भांडणं गाळाच्या ढिगावरून होतात. मोटार लावून पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा मोह पक्क्या घरात ठीक आहे. मातीच्या भिंतीवर तो फवारा मारलात तर उरलेली भिंतही जाईल.

आता कुणाच्या हाताखाली. माझ्या मते सगळ्या उत्तरात हाच भाग महत्त्वाचा आहे. नदीच्या बाजूला ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात आम्ही एकदा काम करत होतो. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी अंगणातला चिखलाने लडबडलेला चिंध्यांचा गोळा विळ्याने कापून घमेल्यात भरला. ते मासे धरायचं जाळं होतं. नदी शांत झाल्यावर त्या घरात पहिले पैसे त्याच जाळ्यावर येणार होते. चिखलात सगळं एकाच रंगाचं दिसतं. कोणतं गाठोडं कचरा आणि कोणतं लेकीच्या लग्नासाठी जपलेलं, हे बाहेरच्याला कळत नाही. त्यानंतर प्रत्येक घरात आम्ही आधी त्या घरातल्या बाईला दारात खुर्ची किंवा पाट देऊन बसवायला लागलो. जे निघेल ते तिच्यापुढे ठेवायचं. ती म्हणेल ते राहील, ती म्हणेल ते जाईल. एका म्हाताऱ्या मायने तर सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बाबू, फेकाच्या आधी मले पुसजो." मी ते पुढच्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत आलो. यामुळे काम हळू होतं, हे खरं. पाच घरांऐवजी दोन होतात. होऊ द्या.

तुमच्या गटात मुली असाव्यात हेही याच कारणाने. पेटी उघडायची, कपडे वेगळे करायचे, न्हाणी साफ करायची, ही कामं घरातली बाई परक्या पुरुषाला सांगत नाही. ती संकोचाने "राहू द्या" म्हणते आणि रात्री एकटी करत बसते. देव्हाऱ्याला मात्र कुणीच आपणहून हात लावू नये. घरच्यांना देव आधी बाहेर काढून घेऊ द्या.

कागद सापडतील. सातबारा, पासबुक, शाळेचा दाखला, आधार. ओली पानं ओढून वेगळी करू नका, फाटतात. गठ्ठा तसाच सावलीत, हवेत ठेवा, वरचं पान आपोआप सुटायला लागलं की एकेक काढून मध्ये कोरडा वर्तमानपत्राचा कागद घाला. उन्हात टाकले तर आक्रसतात आणि शाई उडते.

भिजलेल्या धानाबद्दल लोक हमखास विचारतील. पाणी लागून तीन-चार दिवस पोत्यात राहिलेल्या धानाला आतून ऊब येते, वास सुटतो, बुरशी धरते. ते माणसांनी खाऊ नये, जनावरांपुढेही टाकू नये. पण हा निर्णय सांगताना आवाज मऊ ठेवा. वर्षाचं अन्न फेका म्हणून सांगणं आहे ते. नुकतंच ओलं झालेलं, वास नसलेलं धान पातळ पसरून वाळवता येतं आणि तिथे तुमचे दहा हात खरे उपयोगी पडतात.

विदर्भात आणखी एक धोका आहे. जवळजवळ प्रत्येक घराच्या कोठ्यात (गोठ्यात) फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात. पुरात त्या तरंगतात, फुटतात, धानाच्या पोत्यात, भांड्यांत, पाण्याच्या टाकीत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा त्वचेतूनही हे विष अंगात जातं हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. घरात शिरताना औषधाचा वास आला तर आधी बाहेर या. बाटल्या उघड्या हाताने उचलू नका, जाळू नका, आणि त्या पाण्यात भिजलेलं धान्य जनावरालाही देऊ नका. युरियाच्या फुटक्या पोत्यात साचलेलं पाणीही गाई-बैल चाटतात आणि मरतात. ती पोती आधी हलवा. कुणाला चक्कर, घाम, लाळ, डोळ्यांत अंधारी असं काही झालं तर कपडे काढून साबणाने अंग धुऊन लगेच दवाखान्यात. १०८ ला फोन करा आणि औषधाच्या बाटलीचं लेबल, निदान त्याचा फोटो तरी, सोबत न्या.

साप-विंचू असणारच. पाणी चढलं की तेही माणसांसारखेच उंच, कोरडी जागा शोधतात: तणसाचा ढीग, कवेलू, सरपण, गोणपाटाची घडी. कोणतीही वस्तू हाताने ओढण्याआधी काठीने हलवायची, गोणपाट आपल्याकडून पलीकडे उलटायचा, म्हणजे मध्ये आडोसा राहतो. चावलाच तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता थेट रुग्णालय. सापावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. जायच्या आदल्या दिवशीच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारून ठेवा.

विजेचं एका वाक्यात: महावितरणचा लाईनमन येऊन सांगत नाही तोवर ओल्या घरात कोणतंही बटण दाबायचं नाही, आणि शेतातल्या पडलेल्या तारेजवळ जायचं नाही.

विहिरीबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण उत्साहात मुलं इथे दोन चुका करतात. एक, विहिरीत उतरून गाळ काढायला जातात. पुराने आत गेलेला पालापाचोळा, मेलेली जनावरं कुजली की खाली प्राणवायू उरत नाही. उतरणारा बेशुद्ध पडतो आणि वाचवायला गेलेला दुसराही. तुमच्यातल्या कुणीही विहिरीत उतरणार नाही, हे घरून निघतानाच ठरवा. मोटारीने उपसा करा. दुसरी चूक, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मुठीने फेकतात. हिशेब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग २२ ने. आले तितके लिटर पाणी. १२ फूट व्यास आणि १५ फूट पाणी असेल तर साधारण ४७,५०० लिटर. नेहमीचं प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला १२० ग्रॅमच्या आसपास. पुराचं पाणी गेलेल्या विहिरीला उपसा केल्यावर पहिल्या वेळी जास्त लागतं, ते किती हे गावचे जलसुरक्षक किंवा आरोग्य सेवक ठरवतील. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, आणि तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी. पिवळा रंग आला तरच पाणी चालेल. ग्रामपंचायतीतलं पोतं पुरात भिजलेलं असेल तर त्यात जोर उरलेला नसतो, तालुक्याहून नवं मागवा. रस्त्याच्या कडेने पांढऱ्या रेघा ओढण्यात पावडर वाया घालवू नका. चिखलावर तिचा काही उपयोग होत नाही आणि विहिरीला कमी पडते.

तुमच्या स्वतःच्या अंगाचं: गुरांच्या नि उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो, तो पायाच्या छोट्याशा जखमेतूनही शिरतो. जखम असलेल्याने चिखलात उतरायचं नाही, त्याला कागद-फोटोंचं काम द्या. जाण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीचं आणि धनुर्वाताच्या सुईचं विचारा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात काम केल्याचं आधी सांगा.

सामान आता पटकन सांगतो. गमबूट, आणि ते चिखलात निघून येऊ नयेत म्हणून पोटरीवर बांधायला सुतळी. रबरी आणि कापडी, दोन्ही हातमोजे. पावडी, घमेली, खराटे, फिनेल, दोर, टॉर्च. प्यायचं पाणी आणि दोन वेळचं जेवण आपापलं, सरपणासकट. पुरानंतर गावात कोरडं सरपण हीच मोठी चीज असते. पावडी-घमेली परत आणू नका, गावात सोडून या. जुन्या कपड्यांची गाडी मात्र न्यायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडलेले मी प्रत्येक पुरात पाहिलेत, आणि मग तेही आम्हीच साफ केलेत. त्याच पैशांत नवी आतली वस्त्रं, सॅनिटरी पॅड, मच्छरदाण्या, ताडपत्री आणि शाळेच्या वह्या घ्या.

मग पंचवीस जणांनी कधी जायचं? पंचनामे झाल्यावर, भिंती सुकायला लागल्यावर, म्हणजे साधारण दुसऱ्या आठवड्यात. तोवर टीव्हीवाले आणि पहिली मदत निघून गेलेली असते, घरची माणसं थकलेली असतात, आणि रोवणी (धानाची लावणी) वाहून गेली असेल तर पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरावं की सोडून द्यावं या विचारात असतात. त्या वेळी आलेला माणूस त्यांना खरा लागतो. एकच गाव धरा. पंचवीसचे पाच-पाच जणांचे गट करून पाच रविवार जा. कोणत्या घरापासून सुरुवात करायची हे मामांच्या घरात बसून ठरवू नका, नाही तर मामांच्याच आळीत काम होतं. गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी तिथे जाऊन बसा, बचत गटाच्या बायांना विचारा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, नदीकडच्या मोहल्ल्यातली घरं, जिथले कर्ते पुरुष बाहेरगावी मजुरीला गेलेत ती घरं, यांची नावं त्याच सांगतील.

तुम्हाला रविवारशिवाय सुटी नाही असंही लिहिलंय. चालेल. शेतात ३ इंच गाळाखाली गेलेली बांधी मोकळी करणं, शाळा नि अंगणवाडी धुणं, कागदांसाठी तहसिलीत चकरा मारणाऱ्या म्हाताऱ्यासोबत एक दिवस रजा काढून जाणं, ही कामं महिना-दीड महिना चालतात. त्यातलं शेवटचं काम कुणी करत नाही, आणि फॉर्म भरता येणाऱ्या नोकरदार माणसाला ते सर्वात चांगलं जमतं.

आज रात्री मामांना फोन लावा आणि तीनच गोष्टी विचारा. पंचनामा झाला का? किती घरं मातीच्या भिंतींची आहेत आणि त्यांतली किती पडली? भिंती ओळखणारा गवंडी किंवा सुतार गावात कोण आहे? उत्तरं आली की मला कळवा, सोबत गाळाची जाडी आणि सार्वजनिक विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोलीही लिहा. पहिल्या गटात कोण असावं आणि पावडी किती न्यावीत, ते त्यावरून सांगतो.